न मोजलेली माती

शुभांगीला राग यायला फार काही लागायचं नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून कुणी जागा धरली, तरी तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. कॉलेजातल्या मुली तिला ‘ठिणगी’ म्हणायच्या. घरी तिची आजी बनाबाई म्हणायची, “माझ्यावर गेलीया.” हे सांगताना म्हातारीला बरंही वाटायचं आणि धास्तीही वाटायची. बनाबाईनं आपला राग आयुष्यभर पोटात ठेवला होता. नात तसं करणार नाही, हे तिला दिसत होतं.

त्यांचं गाव शेरीगव्हाण. मिरजगावापासून बरंच आत, माळाच्या कडेला. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आणि खालच्या अंगाला, बुद्धविहाराशेजारी, शुभांगीचं घर. वडील टेम्पो चालवायचे, आई रोजानं शेतात जायची. शुभांगी एसटीनं तालुक्याच्या कॉलेजात ये-जा करायची. बी.ए.चं शेवटचं वर्ष, विषय इतिहास. त्या वर्षी प्रत्येकाला आपल्या परिसराच्या इतिहासावर एक मोठा निबंध लिहून द्यायचा होता, आणि त्यावर बाहेरचे परीक्षक तोंडी परीक्षा घेणार होते.

कल्याण सरांनी वर्गात बजावलं होतं, “पुस्तकातला किल्ला मला नको. आपल्या गावातलं काहीतरी आणा. लोकांना विचारा, दोघांचं बोलणं जुळतंय का बघा, मगच लिहा.”

वर्गानं माना डोलावल्या आणि कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात रांग लावली. तिथे तयार निबंध मिळायचे. नगरचा किल्ला, खर्ड्याची लढाई, नेवाशाचं देऊळ. पहिल्या पानावर फक्त आपलं नाव टाकायचं. शुभांगीच्या मैत्रिणीनं, मोनिकानं सुद्धा एक आणला.

“कशाला मरतेस गं?” मोनिका म्हणाली. “परीक्षक निबंध हातात धरून जाडी बघतात. वाचतंय कोण?”

“मी जाडीसाठी नाही लिहीत,” शुभांगी फणकारली. “आणि तू खर्ड्याला कधी गेलीयस तरी का?”

“फोटो बघितलाय की.”

शुभांगीनं आपल्या तलावाचा विषय घेतला. बहात्तरच्या दुष्काळात बांधलेल्या त्या तलावाला पन्नास वर्षं होत होती. गावात सुवर्णमहोत्सव ठरला होता, स्मरणिका निघणार होती. सरपंच राधाकृष्ण अण्णा तिला चावडीपाशी भेटले तेव्हा म्हणाले, “शुभे, तुझा निबंध पहिल्या पानावर छापायचा. फोटोसकट. आपल्या गावची पोरगी इतिहास लिहिते, साधी गोष्ट हाय का?”

ती त्या दिवशी हरखून गेली होती. गावातल्या कुठल्याही छापील कागदावर त्यांच्या आळीतल्या कुणाचं नाव पहिल्या पानावर आलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

तलावाच्या बांधावर काळ्या ग्रॅनाईटची पाटी होती. अण्णांनीच ती अलीकडे बसवली होती. त्यांचे वडील बन्सीतात्या दुष्काळी कामावर मुकादम होते. पाटीवर होतं ते आणि अण्णांनी सांगितलं ते, असं सगळं एकत्र करून तिनं निबंधाची सुरुवात लिहिली, स्मरणिकेसाठी एक प्रत अण्णांना दिली आणि संध्याकाळी ओट्यावर बसून आजीला वाचून दाखवली. बनाबाई सुपात बाजरी पाखडत होती.

“‘दुष्काळाच्या त्या कठीण काळात मुकादम बन्सीतात्यांच्या प्रेरणेने शेरीगव्हाणच्या ग्रामस्थांनी स्वखुशीने श्रमदान करून हा तलाव उभारला.’”

सूप थांबलं.

“काय केलं?”

“श्रमदान.”

“कुनी?”

“गावानं. तूही होतीस ना कामावर? तुझंही नाव घालणार आहे मी.”

“मी दान केलं?” बनाबाईचा आवाज चढला. “माझ्या पोटात अन्न न्हाई, अंगावर धड लुगडं न्हाई, आन मी दान केलं? खोड ते.”

“अगं, पाटीवर लिहिलंय तसं. ग्रॅनाईटवर कोरलंय.”

“तुझं गिरनाईट आलं हुतं का माझ्या जोडीला खोदायला? खोड म्हनते ना.”

शुभांगीनं पेन उचललं नाही. तिला वाटलं, म्हातारीचा काहीतरी गैरसमज झालाय. बनाबाईनं सूप भिंतीला टेकवलं, पदर खोचला आणि म्हणाली, “चल.”

दोघी तलावावर गेल्या. बांधाच्या अलीकडे एक मोठा उथळ खड्डा होता. बांधावर घालायला माती इथूनच काढलेली. त्या खड्ड्यात छातीएवढ्या उंचीचे चार खांब उभे होते, कडक मुरमाचे. त्यांच्यावर शेंदराचे इतके थर बसले होते की आतला मुरूम दिसत नव्हता. सभोवती सिमेंटचा कट्टा. या शेरीगव्हाणच्या आसरा, पाण्यातल्या देवी. आसरा सात असतात. इथे चारच होत्या, बाकीच्या तिघी पाण्यात राहतात, असं गाव सांगायचं. बाळंतीण पहिल्यांदा बाहेर पडली की इथे येऊन ओटी भरायची. शुभांगीच्या घरातून कुणी कधी आलं नव्हतं. आपण बौद्ध, आपण देव मानत नाही, म्हणून येत नाही, असंच ती लहानपणापासून धरून चालली होती.

बनाबाई सरळ कट्ट्यावर जाऊन बसली, तेही चपलांसकट. शुभांगी देव मानत नव्हती, तरी तिनं चटकन मागे वळून कुणी बघत नाही ना ते पाहिलं.

बनाबाईनं दुसऱ्या खांबावर हात ठेवला. “ह्यो माझा.”

“तुझा म्हणजे?”

“मी सोडलेला. खोदताना मधी ठोकळा सोडायचा, त्याला हात लावायचा न्हाई. समदीकडची माती काढायची, ठोकळा तेवढा उभा. मंग सायेब येनार, ठोकळ्याला टेप लावनार, किती खोल गेलं ते बघनार. त्यावर हजेरीचा, मजुरीचा हिशोब. मोजून झालं की ठोकळा पाडायचा.”

शुभांगी खांबांकडे बघत राहिली. “मग हे पाडले का नाहीत?”

“मोजलेच न्हाईत म्हनून. मोजनी न्हाई, तर पैसाबी न्हाई.” बनाबाईनं कट्ट्यावरची वाळकी फुलं हातानं लोटून दिली. “शेवटची खोदाई आमच्या टोळीची. साऱ्या बायकाच हुतो. तेवढ्यात पाऊस लागला, काम बंद झालं, सायेब गेला तो गेलाच. बन्सी म्हनायचा, ठोकळे पाडू नका, सायेब येनार हाय. आमी रोज येऊन बघायचो. पुढं तोच म्हनाया लागला, जाऊ द्या गं, गावासाठी केलं समजा.”

“आणि तुम्ही समजलात?”

“तू काय केलं असतं?” बनाबाई एकदम उसळली. “आमाला गावात ऱ्हायचं हुतं. आन मंग एक दिवस बघते तर ठोकळ्याला शेंदूर! वरच्या आळीच्या रंगूनं फासला. माझ्या जोडीला काम केलेली बाई ती. एका घमेल्याला दोघींचे हात. तिनं माझ्या घामाचा देव केला. फुडं मी हितं आले तर लोक म्हनायचे, बने, लांब ऱ्हा, देवाला हात लावू नको. मीच सोडलेला, आन मीच हात लावायचा न्हाई!”

त्या दिवसापासून बनाबाई रंगूबाईशी बोलली नव्हती. दोघी म्हाताऱ्या झाल्या, दोघींचे नवरे गेले, एकाच गिरणीत दळण टाकायच्या, पण बोलणं नाही.

शुभांगीनं घरी येऊन आधीचं पान फाडलं आणि नव्यानं लिहायला घेतलं. स्वखुशीने! हा शब्द आपण आपल्या अक्षरात लिहिला, याचाच तिला सगळ्यात जास्त राग येत होता.

कल्याण सरांनी निबंध वाचला, उठून दार लोटलं आणि परत खुर्चीत बसले.

“हे खरं असेल, शुभांगी.”

“असेल नाही सर, आहे.”

“ऐक. लोकांच्या आसरांना तू मातीचे ठोकळे म्हणतेस. उद्या कुणी म्हणालं आमच्या देवाची विटंबना केली, तर कॉलेजच्या दारात माणसं उभी राहतील. संस्थाचालक मला विचारतील. तू पास होऊन निघून जाशील, मी इथेच आहे.”

“मग तुम्ही वर्गात सांगितलंत कशाला, आपल्या गावातलं आणा म्हणून? दुकानातला खर्डा आणला असता तर सही केली असती ना तुम्ही?”

सरांनी निबंध तिच्यासमोर सरकवला. मग हळू म्हणाले, “मी आणखी एक सांगितलं होतं. दोघांचं बोलणं जुळलं पाहिजे. तुझ्याकडे एकच साक्ष आहे, आणि ती तुझ्या आजीची. परीक्षक पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतील. दुसरा माणूस आण, डोळ्यांना दिसेल असा पुरावा आण. मी सही करतो. नाही तर तो भाग गाळ.”

सरांचं अर्धं बरोबर होतं. म्हणूनच ती जास्त चिडून बाहेर पडली.

तिकडे नव्या निबंधाची गोष्ट कॉलेजातून अण्णांच्या कानावर गेली होती. शुभांगी आधी दिलेला मजकूर परत मागायला गेली, तेव्हा ते ओसरीवर मांडवाच्या ठेकेदाराशी बोलत होते. त्याला घालवून ते तिच्याकडे वळले. आवाज गोडच होता.

“पोरी, एक शब्द तर हाय. श्रमदान. गावाला बरं वाटतं, तुझा फोटो येतो. तात्या माझे वडील. मेलेल्या माणसावर कशाला चिखल उडवते?”

“मी तात्यांनी पैसे खाल्ले असं कुठं लिहिलंय? मोजणी झाली नाही आणि बायकांनी दान दिलं नाही, एवढंच लिहिलंय.”

“बरं. आन ते आसरांचं?”

“ते मोजणीचे ठोकळे आहेत, अण्णा.”

अण्णा हसले. “मग तर फारच सोपं झालं. मी राजस्थानातनं संगमरवरी मूर्ती मागवल्यात. सातच्या सात. गावात जरा कुरकुर हुती, जुना देव हलवायचा कसा म्हणून. आता तूच लिहून देतीस की तो देव नाही, माती हाय. मग माती काढली तर कुणाचं काय बिघडलं?”

रागाच्या भरात आपण काय करून बसलो, ते तिला तिथल्या तिथे दिसलं. पन्नास वर्षं ते खांब शेंदरामुळे उभे होते. शेंदूर खरवडला की ठोकळा दिसेल खरा, पण तो दिसला की पाडायला मोकळा. खरं लिहिलं तर पुरावा जाणार, आणि नाही लिहिलं तर पाटी राहणार.

“उद्या गवंडी येणार हाय,” अण्णा म्हणाले. “तूबी ये.”

घरी न जाता ती तशीच वरच्या आळीला रंगूबाईकडे गेली. बनाबाईनं निक्षून सांगितलं होतं, त्या बाईचा उंबरा चढू नको. रंगूबाई दारात शेंगा फोडत बसली होती. कमरेत वाकलेली, नजर मात्र तीक्ष्ण.

“बनीची नात ना तू? तिच्यावानीच पाय आपटत आलीस. बस.”

“बसायला नाही आले. आसरांना पहिला शेंदूर तुम्ही लावला का, ते विचारायला आले.”

“व्हय. लावला.”

“का लावला?” शुभांगीचा आवाज फाटला. “तुम्ही स्वतः तिथं खोदलं होतं. तुम्हाला माहीत होतं तो देव नाही. माझी आजी जन्मभर जळत राहिली तुमच्यामुळं!”

रंगूबाईनं हातातली शेंग फोडली, दाणे टोपलीत टाकले, टरफल बाजूला केलं. मग म्हणाली, “बन्सीनं टिकाव घेऊन मानसं लावली हुती ठोकळे पाडाया. कुनी इचारायला नको, किती खोदलं, कुनी खोदलं. मी शेरडं घेऊन तिकडंच गेल्ते, ऐकलं. मी एकली बाई, कुनाच्या हातचा टिकाव धरू? घरी गेले, मारुतीचा शेंदूर उचलला, तेलात कालवला आन पहाटं जाऊन फासला. चार लिंबं ठेवली. सकाळी मानसं आली आन तशीच पाया पडून माघारी गेली. देवाला कोन टिकाव मारनार?”

शुभांगी खाली बसली.

“सायेब येईल तवर ऱ्हावं, एवढंच हुतं माझ्या मनात,” रंगूबाई म्हणाली. “सायेब आलाच न्हाई. बाया मातर याया लागल्या.”

“आजीला का नाही सांगितलं?”

“बनीला? तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. ती चावडीवर जाऊन वरडली असती, शेंदूर खोटा हाय म्हनून. मंग फुडं सांगावं म्हनलं, तर ती बोलंना. वाटंत दिसले की थुकायची. मलाबी राग आला. जा म्हनलं मरंना.”

“आणि तुम्ही अजून तिथं पाया पडता ते?”

रंगूबाई जरा ओशाळली. “पडते बाई. इतकी वर्सं पडून सवय लागली. आन काय सांगावं, आता आसंल बी.”

शुभांगीनं तिला अण्णांच्या मूर्तींचं सांगितलं, गवंड्याचं सांगितलं. “मी लिहिलं तर ते पाडतील, आजी. नाही लिहिलं तर सगळं दानच ठरेल.”

“मोजलं का कुनी?” रंगूबाईनं विचारलं.

“काय?”

“ठोकळे गं! लिवायच्या गोष्टी करतीस, ते कशापायी ठेवलेत? मोजाया. मोजून घे आधी. मंग पडले काय आन ऱ्हायले काय, काम झालं त्यांचं. आन माझं नाव लिव. चोरून फासला, आसंच लिव.”

सकाळी शुभांगी आईच्या शिवणाच्या डब्यातला टेप घेऊन बनाबाईला तलावावर घेऊन गेली. रात्री तिनं आजीला सगळं सांगितलं होतं. रंगूबाई आधीच कट्ट्यावर येऊन बसली होती.

दोघी समोरासमोर आल्या. शुभांगीला वाटलं, आता आजी रडेल.

“सांगाया काय झालं हुतं गं तुला, भवाने?” बनाबाई कडाडली. “जलम गेला माझा तुला शिव्या घालन्यात!”

“घातल्यास तर घातल्यास. मला काय भोकं पडली?”

“तोंड वर करून बोलतीया!”

“तू खाली घालून बोलत जा, मंग मीबी घालंन.”

शुभांगीनं घाईघाईनं टेप उलगडला. एका खांबाच्या शेंदराला तिनं खिळ्यानं बारीक ओरखडा काढला, आत पिवळसर मुरूम दिसला. तिनं मोबाईलवर फोटो काढला. तेवढ्यात बांधावरून अण्णा आणि गवंडी उतरले.

“काय चाललंय?” अण्णांनी विचारलं.

“मोजनी,” रंगूबाई म्हणाली. “तुझ्या बापानं सांगितलेली. लई वाट बघितली.”

“रंगूकाकू, तुम्ही तरी शहाण्यासारखं वागा. देवाला टेप लावता?”

“देव हाय ना? मंग त्याला हात लावायचा न्हाई. पाड म्हनून तू गवंडी आनलास, मी न्हाई.”

“ही पोरगी म्हणते माती हाय.”

“माती हाय तर मोजल्याबिगर पाडायची न्हाई. हाच कायदा हुता. तुझा बाप मुकादम हुता, त्याला इचार.”

गवंड्यानं अण्णांकडे पाहिलं, मग शेंदराकडे, आणि हळूच पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. “सरपंच,” तो म्हणाला, “मी न्हाई बा टिकाव लावनार. दुसरा बघा.”

अण्णांचा चेहरा उतरला. सगळा जोर त्यांनी शुभांगीवर काढला. “तुझा निबंध स्मरणिकेत येणार नाही. एक ओळ येणार नाही. समजलं?”

“मीच देणार नाही,” शुभांगी म्हणाली. “पहिल्या पानावर तुमच्या पाटीचा फोटो छापा. माझा निबंध कॉलेजात जाईल. त्यात तिघींची नावं असतील. जिनं खोदलं, जिनं शेंदूर लावला आणि जिनं मोजलं. परीक्षकांनी विचारलं तर मी त्यांना इथं घेऊन येईन. तोवर एक जरी ठोकळा पडला, तर तो कुणी पाडला तेही लिहीन.”

अण्णा बांध चढून गेले. गवंडी चपला घालून त्यांच्या मागोमाग गेला.

शुभांगी वहीत मथळा लिहायला बसली. ‘प्रत्यक्ष मोजणी.’ त्याखाली तिनं तारीख घातली. मग टेपचं वरचं टोक तिनं खांबाच्या माथ्यावर धरलं. खालचं टोक धरायला दोघी म्हाताऱ्या एकदमच वाकल्या आणि एकमेकींना ढकलू लागल्या.

“सर तिकडं, मला दिसतंय,” रंगूबाई म्हणाली.

“तुला काय डोंबल दिसतंय? ठोकळा माझा हाय.” बनाबाईनं टेप हिसकावून घेतला आणि पायथ्याशी साचलेली कुंकवाची, वाळक्या फुलांची, इतक्या वर्षांची धूळ नखांनी उकरू लागली. “वरच्या वर धरू नको, शुभे. तळ लागू दे आधी. पाक तळापासनं मोज. एक बोटभर बी सोडायची न्हाई ह्यास्नी.”